मतपत्रिकेची मागची बाजू

...तेच सांगतेय ना — मान जरा मागे घे, अशी, पाणी फार कढत नाही ना? — तेच सांगतेय की त्या गाडीवाल्या पोरांची काही चूक नव्हती गं. ॲम्ब्युलन्स निघाली ड्रमंडहून. ड्रमंड म्हणजे शेजारची काउंटी, मधे नदी, नदीवरचा पूल दुरुस्तीला काढलेला, म्हणजे गिरणीकडून अख्खा वळसा — आणि इकडे तुझी मावशी स्वयंपाकघरात फरशीवर आडवी. मी अशीच धावत गेले, हातात ही फणी, अंगाला हा एप्रन. अर्नेस्टीनचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मला म्हणते, ओझेला, आली का गं गाडी? मी म्हटलं, आलीच बघ वळणावर. पुन्हा थोड्या वेळानं, आली का? — आलीच. कसली आली नि कसलं काय! आली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तरी त्या पोरांनी चादर नीट पांघरली तिच्यावर, टोपी काढली. वळण लावलेली पोरं. उद्या चर्चमध्ये तिच्या अंत्यविधीला येतील बघ, मी सांगितलंय त्यांना यायला.

नाही, रडू नकोस आता, साबण डोळ्यांत जाईल. तू विचारलंस म्हणून सांगितलं. सगळेच विचारतात बाहेरून आलेले — तुमच्या ऑस्बी काउंटीला स्वतःची ॲम्ब्युलन्स का नाही? अगं, होती. हॉस्पिटल होतं तोवर होती. हॉस्पिटल बंद झालं, गाडी विकली, आता त्या जागेवर मोटारीचे टायर रचून ठेवलेत. मग आपली आपण ठेवावी म्हटलं तर एका गाडीला, दोन माणसांना, पेट्रोलला किती लागतं? पाण्याच्या बिलाबरोबर घरटी महिन्याला थोडं — एका माणसाच्या तळलेल्या कोंबडीच्या ताटाइतकं. सगळे तयार! तो गेथर म्हातारा, जो चर्चच्या दानाच्या थाळीत नाण्याऐवजी बटण टाकतो, तोसुद्धा म्हणाला, मी देईन. मग अडलं कुठं? सांग ना, अडलं कुठं? — घटनेत. हस नको. आमच्या राज्याच्या — आमच्या काय, तुझ्याही — राज्याच्या घटनेत लिहिलंय की काउंटीनं कुणाच्या खिशात हात घालायचा तर आधी घटना बदलून घ्यायची. शंभर वर्षांपूर्वी मोठमोठे मळेवाले राजधानीत जमले आणि लिहून मोकळे झाले. मळ्यात राबणाऱ्या आमच्यासारख्यांच्या हातात कधी काउंटी आलीच तर हात बांधलेले असावेत, दुसरं काय! मळेवाले गेले, मळे गेले, गाठ तेवढी राहिली. म्हणजे बघ, आम्हाला हवी एक पांढरी गाडी, भोंगा वाजवणारी, आणि त्यासाठी अख्ख्या राज्याची घटना बदलायची.

काय रे? — काही नाही, आमचा नवरा आहे आत, पर्विस. खिडकीशी बसलेला असतो रेडिओ लावून. हो रे, अर्नेस्टीनची भाची आहे, कॅमिल, शहरातली! — हो, विचारते मग! — मत दिलंस का ते विचारतोय. आज येईल त्याला विचारतोय, पोस्टमनला विचारलं, दूधवाल्याला विचारलं. त्याला सांगितलंय मी, जिवाला ताण देऊ नकोस. छाती अधू आहे त्याची. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलली, पुढचा झटका आला तर तासाच्या आत मोठ्या हॉस्पिटलात पोचला पाहिजे. तासाच्या आत म्हणे! गाडी इथं यायलाच तेवढा वेळ. मी तिला म्हटलं, बाई, मग झटक्यालाच सांगा ड्रमंडमध्येच येत जा म्हणून.

टॉवेल घे. या खुर्चीत ये. तुझे केस अगदी अर्नेस्टीनसारखे आहेत गं, दाट, फणी मोडणारे. तर काय सांगत होते — हॅस्केल. हॅस्केल डॉब्स, आमचा आमदार, टायरचं दुकान आहे त्याचं, पर्विसबरोबर शाळेत होता. माणूस चांगला. बुद्धी बेताची, पण माणूस चांगला. त्यानं चर्चच्या हॉलमध्ये आम्हाला बसवून समजावलं. दोन्ही सभागृहांत पाचात तिघांनी 'हो' म्हटलं पाहिजे, मग लोकांचं मतदान. पण त्यात एक मेख आहे — ऐक हं, सगळं या मेखेवर आहे — कुणी एकानंही 'नाही' म्हटलं नाही, तर मतदान फक्त आपल्या काउंटीत. आपला प्रश्न, आपणच ठरवायचं. पण एकानं, एका जरी माणसानं 'नाही' म्हटलं, तर मग तो प्रश्न अख्ख्या राज्यापुढं. समुद्रकाठच्या लोकांनी, डोंगरातल्या लोकांनी, शहरातल्या लोकांनी ठरवायचं की ऑस्बीत ॲम्ब्युलन्स असावी की नसावी. आम्ही म्हटलं, अरे देवा, मग कुणीतरी 'नाही' म्हणणारच! हॅस्केल म्हणाला, छे, तिथला रिवाजच आहे, मी तुझ्या गावात नाक खुपसत नाही, तू माझ्या गावात खुपसू नकोस. दुसऱ्याच्या गावच्या घटनादुरुस्तीला कुणी 'नाही' म्हणत नाही, वाईट दिसतं. आणि खरंच, वरच्या सभागृहात एकही 'नाही' आला नाही. सगळे हो, हो, हो. आम्ही इथं घंटा वाजवली चर्चची.

आता खालचं सभागृह राहिलं. अधिवेशनाचा शेवटचा दिवस, आमचा नंबर दुपारी कधीतरी. तिथं दुसरा एक रिवाज आहे — ज्याच्या गावचं काम होतं त्यानं सगळ्यांचं तोंड गोड करायचं. मग काय, आमच्या बायका बसल्या केक करायला. लिंबाचे पाउंड केक. तुझ्या मावशीनं तीन केले, तीन! तिच्या केकला कधी तडा जायचा नाही. चर्चची व्हॅन भरून आम्ही निघालो राजधानीला, नव्या टोप्या घालून. पुढे अर्नेस्टीन, मांडीवर केक, वळण आलं की ओरडायची, हळू रे, तिसरा डबा हलतोय! — तुला नाही बोलली ती हे कधी? नाही बोलायची. तुला ती अडचणी सांगायचीच नाही. कॅमिलला शहरात काय कमी व्याप आहेत, म्हणायची.

डोकं सरळ ठेव. रोलर लावतेय, ओढलं जाईल जरा. तर आम्ही बायका वर सज्जात बसलो. समोर भिंतभर एक फळा, त्यावर प्रत्येक आमदाराचं नाव आणि नावापुढं दिवा. 'हो' म्हटलं की हिरवा, 'नाही' म्हटलं की लाल. आणि खाली काय चाललेलं! कुणी शेंगदाणे खातंय, कुणी झोपलंय, कुणी फोनवर नातीशी बोलतंय. अर्धे तर जागेवरच नाहीत. मग त्यांचं मत कोण देतं? — शेजारी! शेजारचा माणूस हात लांब करून त्याचंही बटण दाबतो. एकाकडे तर काठी होती, दोन बाकं पलीकडचं दाबायला. मी अर्नेस्टीनला म्हटलं, हे बघ, आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं. ती म्हणाली, गप बस, आपल्याला केक खाऊ घालायचाय त्यांना. तर हॅस्केलच्या शेजारी बसतो वेंडेल प्रुइट, समुद्राकडचा. जाडा, हसरा, कुणाचं वाईट न करणारा. आमच्या आधी कुठल्यातरी काउंटीच्या जुगाराच्या अड्ड्याचं काहीतरी होतं. रिवाज असला तरी हॅस्केल बाप्टिस्ट, जुगाराला तो हो म्हणायचा नाही. तो वेंडेलला सांगून ठेवतो, मी उठलो तर माझ्या नावावर लाल दाब.

आणि नेमका तेव्हाच हॅस्केल उठला. का उठला? खाली दारावर शिपायानं एका मूर्खाला अडवलं होतं, हातात केकचे डबे, म्हणे खाण्याचे पदार्थ आत नेता येत नाहीत. त्या मूर्खानं आत निरोप धाडला, हॅस्केलला बोलवा, तो सांगेल मी कोण ते. अरे, ठेव ना डबे तिथंच! थांब ना जरा! पण नाही. आमच्या गावचे केक मी शिपायापाशी सोडणार नाही म्हणे. ताठा! आधीपासून ताठा. लग्नाच्या दिवशीसुद्धा पाद्रीबाबांशी वाद घातला होता, माझ्याच — असो. हॅस्केल बिचारा धावत गेला दाराशी. तेवढ्यात जुगाराचं संपलं, आमचं पुकारलं. वेंडेल अर्धवट पेंगलेला. त्यानं आपलं हिरवं दाबलं, हात लांब केला आणि हॅस्केलचं लाल दाबलं. सवयीनं गं! सांगितलं होतं ना, उठलो तर लाल.

काय सांगू तुला. अख्खी भिंत हिरवी झाली, पहिल्या पावसानंतरच्या कुरणासारखी. आम्ही बायकांनी एकमेकींचे हात धरले. आणि मधेच एक लाल. मी म्हटलं, कोण मेला तो? कोण आहे तो करंटा? अर्नेस्टीनची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण. ती नावं वाचायला लागली. डॉब्स. हॅस्केल डॉब्स. ज्यानं दुरुस्ती मांडली त्याच्याच नावापुढं लाल! मी सज्जातून ओरडले, वेंडेल! अरे वेंडेल! शिपाई आला मला बसवायला. अध्यक्षांनी हातोडा आपटला, मंजूर, एक विरुद्ध, पुढचं. तेवढं बोलायला वेळ किती लागतो?

आणि तेव्हा हॅस्केल आत आला. दोन्ही हातांत केकचे डबे, हनुवटीखाली तिसरा, तोंडभर हसू. भिंतीकडे बघितलं. डबे ठेवायला जागा शोधायला लागला बिचारा, माइक धरायला हात मोकळा नाही. पुन्हा मतदान घ्या म्हणून अर्ज करता येतो म्हणे, त्याच दिवशी, पण शेवटचा दिवस, त्याच्यापुढं रांग. आणि नंबर यायच्या आत अध्यक्षांनी अधिवेशन संपल्याचा हातोडा मारला. त्यांचा तिसरा रिवाज — अधिवेशन संपलं की सगळे आपापले कागद हवेत उधळतात. शाळा सुटल्यासारखे! कागद नुसते पावसासारखे, टाळ्या, मिठ्या, आणि मधे आमचा हॅस्केल उभा. खांद्यावर कागद पडलेत, ते झटकायचंही भान नाही. वेंडेल रडला गं. एवढा मोठा पुरुष, लहान पोरासारखा रडला. हॅस्केलनंच त्याच्या पाठीवर हात फिरवला.

मग मेहेरबानी केली, हॅस्केलला नोंद करू दिली. 'सदस्याचा हो म्हणण्याचा उद्देश होता.' नोंद झाली, मोजणी तीच राहिली. बैल गेला नि झोपा केला. केक मात्र तुकडासुद्धा उरला नाही हं! सगळे बोटं चाटत होते. एक बाई माझ्यापाशी येऊन म्हणते, यात लोणी किती घातलंत? — मी सांगितलं तिला. काय करणार? घरी येताना व्हॅन चालवता चालवता पर्विस एकदा म्हणाला, डबे खाली ठेवले असते तर —

हो. पर्विसच. तो दारावरचा. सांगणार नव्हते मी, तुला काय, कुणालाच सांगत नाही. गावात माहीत आहे सगळ्यांना, पण तोंडावर कुणी बोलत नाही, तेवढी माया आहे लोकांना. तेव्हापासून त्यानं केकला हात लावलेला नाही. वाढदिवसाला केला तर म्हणाला, त्या शेजारच्या पोरांना दे. आणि अर्नेस्टीन गेली त्या दिवसापासून तर रात्रंदिवस खिडकीत. मी समजावते, अरे, तू शिपायाशी भांडलास, बटण काय तू दाबलंस? तर रेडिओ मोठा करतो. तिच्या घरी नाही गेला अजून भेटायला. उद्याही येणार नाही म्हणतो. म्हणतो, तिचे तीन केक माझ्या हातात होते, ओझेला.

तर असं आज सगळं राज्य ठरवणार आहे. आज! त्यात तुझ्या मावशीचं काय, ती सुटली, पण हा आहे ना आत बसलेला. हॅस्केल म्हणतो, हरलो तर पुढच्या अधिवेशनात पुन्हा मांडू, मग पुन्हा निवडणुकीची वाट बघायची. मी म्हटलं, हॅस्केल, तुझी घटना थांबेल, पर्विसची छाती थांबेल का तेवढी? आणि मी खरं सांगू का, मला आशा नाही. मुळीच नाही. त्या मतपत्रिकेच्या पुढच्या बाजूला मोठ्या लोकांची नावं, ती भरता भरता माणूस दमतो, आमचं मागच्या बाजूला, न्यायाधीशपदाच्या उमेदवारांच्याही खाली, पार तळाला. आणि भाषा वाचलीस का? त्यात ॲम्ब्युलन्स हा शब्दच नाही! राजधानीतल्या वकिलानं लिहिलं, 'ऑस्बी काउंटीच्या मंडळास घरटी सेवा-आकार बसवण्याचा अधिकार देणारी दुरुस्ती.' आम्ही म्हटलं, अहो, ॲम्ब्युलन्स लिहा ना. तर म्हणे, सेवेत सगळं येतं. येतं! वाचणाऱ्याला फक्त 'आकार' दिसतो. लोकांना मी नावं ठेवत नाही हं. मी स्वतः काय केलं जन्मभर? माझे वडील सांगायचे, कळत नसेल तर नाही म्हणावं, 'नाही'त नुकसान नाही. मागे कुणा काउंटीला डास मारायला पैसे हवे होते — नाही. कुणाला मेलेली गुरं पुरायची परवानगी — नाही. मतपत्रिकेवर 'नाही'पुढचे गोळे फटाफट काळे केले आणि घरी येऊन जेवले. कुठल्यातरी गावात माणसं डासांच्या तापानं फणफणली असतील माझ्यापायी, मला काय माहीत?

हो रे, सांगते, दम धर! — काही नाही, तोच. तुझं मत विचारतोय. शहरातल्या माणसाचं त्याला फार अप्रूप आहे, शहरात मतं जास्त ना. त्याच्या मनात असं आहे की शहरातले शिकलेले लोक नीट वाचतील. सांग बाई त्याला, म्हणजे गप्प बसेल. तू दिलंस ना? — पोस्टानं, आधीच? बरं केलंस, आज इथं अडकलीस नाहीतर वाया गेलं असतं. आणि मागची बाजू बघितलीस का? — बघितलीस! बघ, मावशीच्या वळणावर गेलीस, तीही सगळं वाचायची, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा. मग आमचं दिसलं असेल की, ऑस्बी नाव होतं — दिसलं? वाचून मावशी आठवली? आठवणारच गं, तिचंच तर —

काय म्हणालीस?

नाही, परत बोल. माझा एक कान जरा — मावशीला आणखी भुर्दंड नको म्हणून. तिला पेन्शन केवढीशी. विजेचं बिल, पाण्याचं बिल, त्यात हे आणखी म्हणून. म्हणून 'नाही'. तिच्यासाठी.

ती तेव्हा होती. हो. पोस्टात टाकलंत तेव्हा ती होती.

नाही, उठू नका. रोलर लावलेत अजून. — नाही हो, मी कुठं काय बोलले. तुम्हाला काय माहीत. 'आकार' लिहिलं होतं, तुम्ही आकार वाचलात. कुणीही तेच केलं असतं, मीही केलं असतं, आत्ताच सांगितलं ना. एका मतानं काय होतंय. — हात सोडा माझा. ओले आहेत हात. सोडा, बाई.

काय रे? — हो! दिलं म्हणतात! — 'हो'लाच दिलंय, आपल्यालाच! — मागच्या बाजूला, हो, सगळं वाचून! — अरे हो, शहरात सगळे तसंच देतायत म्हणे! — तू टेक जरा आता, मी पेज आणते गरम करून!

चला. त्या पलीकडच्या खुर्चीत बसा, ड्रायरखाली. मान खाली घाला. पैसे नकोत, अर्नेस्टीनच्या घरचं आहे, उद्याच्यासाठी आहे. मासिकं पडलीयेत, चाळा हवं तर. हे लावलं की खूप आवाज होतो, तुमचं मला ऐकू येणार नाही, माझं तुम्हाला.